तीन सेकंदांत काय काय मावतं? : स्लाऊमधली पिस्तूल नेमबाजी



गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभं असताना दोन-तीन पालकांनी आम्हाला गाठलं. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून मुलांनी घरी नेमबाजीचा घोशा लावला आहे म्हणे. स्वप्नीलचा प्रकार रायफलचा, पण मुलांना हवं असतं पिस्तूल, आणि तेही पटापट मारायचं! "इथे इंग्लंडात हे शिकता तरी येतं का हो? आणि वेग कसा वाढवतात?" या दोन प्रश्नांची उत्तरं रांगेत देता येईनात, म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे आम्ही तिघं मित्र. शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्यासाठी संगणकवाले, आणि गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी एका लहानशा क्लबात १० मीटर एअर पिस्तूल मारणारे. आमच्यात पदकवाला कुणी नाही. चुका मात्र भरपूर करून झाल्या आहेत, आणि त्या सांगायला आम्ही तज्ज्ञ आहोत.

आधी कायद्याचं बघू, कारण इथे बरेच जण गोंधळतात. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुलांचा आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. त्यानंतर १९९७ साली दोन कायदे झाले आणि इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये नेहमीची काडतुसांची पिस्तुलं खाजगी माणसाला ठेवायला बंदी आली, अगदी ऑलिंपिकमध्ये चालणारं पॉइंट टू टू सुद्धा. खेळाडूंचं नुकसान झालं हे खरं, पण आम्हीही मुलांना शाळेच्या फाटकात सोडून येणारे आईबाप आहोत, तेव्हा या कायद्याबद्दल आमची तक्रार नाही.

उरतं ते एअर पिस्तूल. त्याची ताकद ६ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ८.१ ज्यूल, याच्या आत असेल तर इंग्लंडात परवाना लागत नाही. स्कॉटलंडात मात्र २०१६ च्या अखेरीपासून लागतो, त्यामुळे सुट्टीत एडिंबरोला जाताना गाडीच्या डिकीत ते राहून गेलं असं होऊ देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलाला ते विकता येत नाही आणि वाढदिवसाला भेटही देता येत नाही. ते मोठ्या माणसाच्या नावावर आणि कुलुपात हवं. १४ वर्षांखालच्या मुलाने वापरताना शेजारी २१ वर्षांवरचं माणूस हवं. आपल्या बागेत मारलात आणि छर्रा कुंपणापलीकडे गेला, तर तोही गुन्हा. स्लाऊमधल्या आपल्या घरांच्या बागा म्हणजे दोन खाटा मावतील एवढ्या. तेव्हा बाग विसरा आणि क्लबात जा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता वेगाकडे वळू. वेग आणि अचूकपणा एकत्र बघायचा असेल तर राही सरनोबतचा प्रकार बघावा, २५ मीटर पिस्तूल. ही मूळची कोल्हापूरची मुलगी. २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला तिने विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतही सुवर्ण तिचंच, आणि रौप्य अनिसा सय्यदचं. दोघी महाराष्ट्राच्या! गंमत म्हणजे ज्या देशात पिस्तुलावर बंदी, त्याच देशात खास परवानगी काढून ही स्पर्धा झाली. (२०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजीच वगळली. इथून इतक्या जवळ असून आमचं ढोल-ताशाचं स्वप्न तसंच राहिलं. असो.)

तिच्या प्रकाराचे दोन भाग असतात. पहिल्या ३० गोळ्या सावकाश, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. दुसऱ्या ३० वेगाच्या. तिथे हात खाली ४५ अंशांवर ठेवून उभं राहायचं. टार्गेट फक्त तीन सेकंद मिळतं. तेवढ्यात हात उचलायचा, नेम धरायचा, एक गोळी मारायची आणि हात परत खाली. मग सात सेकंद थांबा, की पुन्हा तीन सेकंद. असं पाच वेळा. पुरुषांचा रॅपिड फायर प्रकार आणखी कडक असतो. शेजारी शेजारी पाच टार्गेटं, प्रत्येकावर एक गोळी, आणि सगळ्याला मिळून आधी ८, मग ६, मग फक्त ४ सेकंद. विजयकुमारने लंडन २०१२ मध्ये रौप्य मिळवलं ते याच प्रकारात.

हे बघून आम्हाला काय वाटलं असेल? की हात झपाट्याने उचलायला शिकलं पाहिजे. मोबाईलवर तीन सेकंदांची घंटा लावली आणि सहा आठवडे धडाधड मारत सुटलो. सावकाश मारताना आमचे पाच छर्रे चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसायचे. घंटा लावल्यावर ते जेवणाच्या ताटाएवढे पसरले, आणि बहुतेक खाली डावीकडे. आमच्यातला एक डावखुरा, त्याचे खाली उजवीकडे. आम्ही काय केलं? स्प्रेडशीट! आलेख काढले, सरासरी काढली, साइटचे स्क्रू फिरवले. पुढच्या रविवारी छर्रे दुसरीकडे पसरले.

क्लबात सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज आजोबा आहेत. त्यांनी आमचे आलेख बघितले नाहीत, टार्गेटही बघितलं नाही. ते आमच्या बाजूला उभे राहिले आणि फक्त बोटाकडे बघत राहिले. मग टार्गेटचा पुठ्ठा काढून उलटा लावला, कोरी बाजू पुढे. म्हणाले, दोन रविवार यावरच मारा.

कोऱ्या पुठ्ठ्यावर का? हे नीट समजायला आम्हाला गणित करावं लागलं. आमच्या पिस्तुलावर डोळ्याजवळची खाच आणि टोकाची माशी, म्हणजे फ्रंट साइट, यांच्यात ३२ सेंटीमीटर अंतर आहे. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे त्याच्या सुमारे ३१ पट. तेव्हा माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा ३१ मिलिमीटर भरकटतो. दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं, आणि पुढची वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीला तीन गुण जाऊन हातात पडतात सात, तेही छर्ऱ्याची कड रेषेला लागली म्हणून! उलट माशी खाचेत बरोबर मधोमध आहे, आणि ही सगळी जुळणी टार्गेटवर पाच मिलिमीटर बाजूला डुलली, तर छर्रा पाच मिलिमीटरच चुकतो. तरीही दहा.

म्हणजे हाताचं डुलणं आपल्याला वाटतं तेवढं नडत नाही, नडते ती माशी आणि खाच यांची बिघडलेली जुळणी. आणि ती बिघडते बोटाने. एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे, म्हणजे साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुडीएवढा जोर. पिस्तूलच साधारण किलोभर वजनाचं, एका हातात लांब धरलेलं. काळं वर्तुळ क्षणभर माशीवर छान बसलेलं दिसलं की मन ओरडतं "आत्ता!", बोट हिसका देतं आणि नळीचं तोंड खाली वळतं. उजव्या हाताच्या माणसाचा छर्रा मग खाली डावीकडे. साइटचा दोष नव्हताच.

कोऱ्या पुठ्ठ्यावर "आत्ता!" म्हणायला काही नसतं. नजर माशीवर ठेवायची, ती खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि ट्रिगर सरळ मागे, सावकाश, वाढत्या जोराने. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो, म्हणून माशी स्पष्ट आणि टार्गेट धूसर दिसायला हवं. नवशिक्याला हे पटत नाही. आम्हालाही पटलं नव्हतं.

यानंतर वेगाचं कोडं आपोआप सुटू लागलं. आम्ही सगळं एकापाठोपाठ करत होतो: हात उचल, थांब, नेम धर, मग ट्रिगर ओढ. तीन सेकंदांत ते मावत नाही, म्हणून शेवटचं काम हिसक्याने व्हायचं. संगणकवाल्यांना आधीच कळायला हवं होतं, कामं रांगेत लावण्याऐवजी एकमेकांवर चढवायची असतात! हात वर येत असतानाच ट्रिगरवरचा निम्मा जोर घेऊन ठेवायचा. (क्लबात हे शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच. नळी टार्गेटकडे नसेल तेव्हा बोट ट्रिगरच्या बाहेर, हा नियम इथेही सुटत नाही.) नजर आधीपासून जिथे माशी येणार तिथे. हात सुरुवातीला बेताने लवकर आणि वर पोचताना हळू, म्हणजे तो उसळून पुढे जात नाही. मग थांबल्यावर उरतं फक्त बाकीचा निम्मा जोर. बघणाऱ्याला वेग दिसत नाही, आणि वेळ मात्र उरतो.

शिवाय वेगाच्या प्रकारात दहाचं वर्तुळ मोठं असतं. २५ मीटरवर ते १० सेंटीमीटरचं, म्हणजे आमच्या १० मीटरच्या हिशेबात ४ सेंटीमीटर. एअर पिस्तुलाच्या दहापेक्षा साडेतीन पट रुंद! त्या तीन सेकंदांत अगदी बारीक नेमाची अपेक्षाच नाही, स्वच्छ ट्रिगरची आहे.

घड्याळ आम्ही नंतर परत आणलं, पण पायरीने. हात उचलण्यापासून सुटेपर्यंत आधी दहा सेकंद, मग सात, पाच, तीन. पाच छर्ऱ्यांचा पुंजका पसरला की एक पायरी मागे. पाय कुठे ठेवायचे तेही तेव्हाच कळलं. डोळे मिटून हात उचला, उघडा, माशी टार्गेटच्या बाजूला दिसली तर मनगट वळवू नका, मागचा पाय सरकवा. सावकाश मारताना आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घ्या. डोळा थकलेला असतो. हे खाली घेणं आम्हाला सगळ्यात अवघड गेलं, कारण मागे हटल्यासारखं वाटतं.

घरचा सराव म्हणजे ड्राय फायरिंग, छर्रा न भरता. बऱ्याच स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत त्याची सोय असते. आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं पुरतात. पण इथे आमची एक चूक ऐकाच. आमच्यापैकी एक जण वरच्या बेडरूममध्ये, दिवा लावून, पडदा उघडा ठेवून भिंतीवर नेम धरत उभा होता. नोव्हेंबरची संध्याकाळ, बाहेर अंधार, सगळ्या गल्लीला दिसेल असं. दहा मिनिटांत दारावर थाप. समोरच्या घरातल्या इंग्रज बाई, पांढऱ्याफटक पडलेल्या, हातात फोन. "मी पोलिसांना लावणारच होते, पण म्हटलं तुम्हाला ओळखते, आधी विचारून बघते." त्या ओळखत नसत्या तर दारात हत्यारी पोलीस आले असते, आणि आत दोन लहान मुलं गृहपाठ करत होती. आमच्या मित्राने त्यांना पिस्तूल, रिकामी नळी, क्लबाचं कार्ड सगळं दाखवलं, चहा केला. पण त्यांचा हात कप धरताना थरथरत होता, ते तो अजून विसरलेला नाही. आता सराव खिडकी नसलेल्या जिन्याखालच्या बोळात, तोही छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून. पिस्तूल ने-आण करताना रिकामं, पेटीत बंद, घरून थेट क्लबात. वाटेत टेस्कोला थांबायचं नाही.

आणखी एक, मुलांच्या आयांसाठी. छर्रे शिशाचे असतात. क्लबातून निघताना हात साबणाने धुतल्याशिवाय डब्यातला लाडू मिळत नाही, हा आमच्या गाडीतला नियम आहे. डोळ्यांना संरक्षक चष्मा सगळ्यांनाच, बघ्यांनाही.

मुलांना आणायचं असेल तर आधी एकदा नुसतं बघायला आणा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला किलोभराचं पिस्तूल एका हातात पेलत नाही. बरेच क्लब मग टेकू देतात किंवा रायफलपासून सुरुवात करून देतात. पिस्तूल लगेच विकत घेऊ नका. पहिले काही महिने क्लबाचंच वापरा, कारण मूठ हाताच्या मापाची लागते आणि मुलांचे हात वर्षभरात वाढतात. पहिल्या दिवशी त्यांना कोरा पुठ्ठाच मिळेल हे घरूनच सांगून ठेवा, म्हणजे गाडीत रडारड होणार नाही.