घरच्यांसाठी विमान निवडताना

नवी गाडी घेतली, की आमच्या हिंगोलीत ती आधी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाते. मग चर्चा रंगते ती किमतीची, ॲव्हरेजची आणि 'माणसे किती बसतात' याची. विमानाबद्दल अशी चर्चा इथे होण्याचे कारण नव्हते. जिल्ह्यात विमानसेवाच नाही; विमान पकडायचे तर नांदेड किंवा आणखी लांब जावे लागते. पण आता घरोघरची मुले परदेशी आहेत आणि तिथले प्रश्न फोनवरून इथल्या ओसरीवर येतात. टेक्ससमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने विमान चालवण्याचा परवाना काढला आहे. बायको-मुलांना घेऊन साडेचारशे किलोमीटरवरच्या बहिणीकडे जाता यावे, म्हणून त्याला एखादे जुने, छोटे विमान घ्यायचे आहे. "काका, तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलंत. कोणतं घेऊ?" असे तो विचारतो. दिवाळीत आम्ही दोघे तिकडे गेलो, की आम्हालाही त्यात बसवायचा त्याचा बेत आहे. तेव्हा उत्तर शोधताना मी जरा जास्तच जागरूक राहिलो, हे उघड आहे.

साडेचारशे किलोमीटर म्हणजे हिंगोलीपासून मुंबईचे सरळ रेषेतले अंतर. छोट्या विमानाला त्याला दोन-सव्वादोन तास पुरतात. मोह पडावा असेच हे गणित आहे. मात्र विमान कंपनीच्या मोठ्या विमानाची सुरक्षितता घरच्या विमानाला आपोआप मिळत नाही. जोखमीच्या हिशेबात हे विमान मोटारीपेक्षा मोटारसायकलच्या जवळ बसते.

पहिला प्रश्न आसनांचा. आपल्याकडे काळीपिवळीत नऊच्या जागी पंधरा माणसे बसतात आणि गाडी चालते. विमान असे चालवून घेत नाही. 'सेस्ना १७२' हे जगात सर्वाधिक खपलेले छोटे विमान १९५६ पासून बाजारात आहे. चाळीस हजारांहून अधिक विमाने बनली. आसने चार, पण टाकी काठोकाठ भरली तर तीन मोठी माणसे आणि थोडे सामान एवढेच वजन उरते. त्यातून ऊन असेल, तर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते आणि धावपट्टी जास्त लागते. मे महिन्यातली हिंगोलीची दुपार आठवली, की हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून घरातली माणसे आधी वजनकाट्यावर उभी करावीत, मग आसने मोजावीत.

दुसरा प्रश्न इंजिनांचा. एकापेक्षा दोन बरी, असे आपल्याला वाटते. पण दोनांपैकी एक बंद पडले, तर विमान एका बाजूला ओढले जाते आणि ते तत्काळ सावरायला सराव लागतो. एका इंजिनाचे सेस्ना हजार मीटर उंचीवर बंद पडले, तरी वारा नसताना साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाते आणि कमी वेगात उतरते. सुटीच्या दिवशी उडणाऱ्याला हेच बरे.

'सिरस' कंपनीच्या विमानात तर अख्खे विमान खाली आणणारे पॅराशूट असते. तिच्या संस्थापकांपैकी ॲलन क्लॅपमायर १९८५ मध्ये हवेतल्या टकरीतून वाचले, समोरचा वैमानिक गेला. त्या अनुभवातून हे पॅराशूट आले. २००२ मध्ये टेक्ससमध्येच त्याने प्रथम एका वैमानिकाचा जीव वाचवला. किंमत परवडली, तर ही चैन नव्हे.

विमानावर विश्वास बसायला वेळ लागतो, हे आपल्या अमोल यादवांकडून शिकावे. या वैमानिकाने मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात झळकले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला त्याने चाचणीचे उड्डाण केले. जिद्द अभिमानाची, पण मुलाबाळांना बसवायला मात्र वर्षानुवर्षे पारखलेलेच मॉडेल हवे. जुने घेताना त्याच्या नोंदवह्या विकणाऱ्याच्या नव्हे, तर आपल्या मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात.

एवढे करूनही सर्वांत महत्त्वाची गोष्ट उरतेच. १६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन पत्नी आणि मेव्हणीला घेऊन चुलतबहिणीच्या लग्नाला निघाले. विमान पायपर साराटोगा, उत्तम स्थितीतले. रात्र होती, समुद्रावर धूसर हवा होती आणि केवळ उपकरणांवर उडण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. अंधारात वर-खालीचे भान सुटले आणि तिघेही गेले. चौकशीत यंत्राचा दोष आढळला नाही. लग्नाला पोहोचायची घाई कशी असते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

म्हणून पुतण्याला मी कळवले आहे: सेस्ना घे किंवा जमल्यास सिरस, आधी उपकरणांवर उडायचे शिक्षण पूर्ण कर, आणि घरात एक नियम कर. हवा बरी वाटली नाही, तर सूनबाईने किंवा पोरांनीही 'आज नको' म्हटले की चावी खुंटीला. त्या दिवशी आपण सगळे मोटारीने जाऊ. बहीण जेवायला थांबेल.