१२३४५६७८९८७६५४३२१: डोंबिवलीचं नाव लावणारी संख्या

दहिसरहून रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे लेखी रूप. आकडे नुसते ऐकून लक्षात राहत नाहीत, त्यामुळे हा भाग वाचलेलाच बरा.

आजची संख्या: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. नऊपर्यंत चढायचं आणि परत उतरायचं. ही येते कुठून? नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि त्याचा वर्ग करा. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, तसंच पुढे. उभा गुणाकार मांडा: प्रत्येक ओळीत नुसते एक, आणि ओळ दर वेळी एक घर डावीकडे. मधल्या घरात नऊ एक जमतात. दहा एकांचा वर्ग केलात की मधे १० होतात, हातचा येतो आणि जिना मोडतो.

अशा संख्यांना 'डेमलो' नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. जन्म १९०५, आपल्याच वेस्टर्न लाइनवरच्या डहाणूत. नोकरी देवळालीच्या शाळेत, मास्तरकीची. डेमलो हे जीआयपी रेल्वेवरचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली.

'हर्षद संख्या' हेही नाव त्यांचंच. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. भाग जातो का? १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९. दोन्ही बाजूंचा वर्ग करा: ८१ × १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे जातोच, बाकी शून्य.

आता हेच जावास्क्रिप्टला विचारा. ८१ ने भागून बाकी? उत्तर येतं ८०!

गणित चुकलं नाही, साठवण अपुरी पडली. जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये अंकांसाठी ५३ बिटांची जागा असते. २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. त्याच्या दुपटीपर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या विषम, म्हणून शेवटचा १ गुपचूप ० होतो.

खरी गंमत पुढे आहे. कोडमध्ये 'अंकांची बेरीज करा, भाग जातो का बघा' अशी टेस्ट लिहिलीत, तर बदललेल्या संख्येची बेरीज येते ८०, आणि १२३४५६७८९८७६५४३२० ला ८० ने भाग पूर्ण जातो! टेस्ट पास, संख्या भलतीच.

इथे संख्या खेळातली होती. तिच्या जागी ऑर्डरचा किंवा व्यवहाराचा सतरा अंकी आयडी असेल तर? शेवटचा अंक बदलला की दुसऱ्याचीच नोंद उघडेल, आणि एररही दिसणार नाही. म्हणून लांब आयडी नंबर म्हणून नाही, मजकूर म्हणून पाठवायचा. त्याची बेरीज-वजाबाकी कोण करतंय? खरंच हिशोब करायचा असेल तर जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट आहे. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: आठ एकांचा वर्ग हर्षद आहे का? कागदावर करून बघा, मग फोनला विचारा. भेटू पुढच्या भागात!