नेप्स नीडल : एका सुळक्याची पन्नाशी

इंग्लंडच्या सरोवर-प्रांतांत ग्रेट गेबल पर्वताच्या दक्षिण अंगास नेप्स नीडल नांवाचा सुमारें २० मीटर उंचीचा सुळका उभा आहे. १८८६ च्या जूनमध्यें वॉल्टर हॅस्केट स्मिथ हा २६ वर्षांचा तरुण तो एकटाच, दोरावांचून चढला. भेगेंत हातपाय रोवून तो सुळक्याच्या खांद्यापर्यंत पोंचला. परंतु शेंड्यावरची शिळा तशीच उरली होती. तिचा माथा सपाट असला तरच कड हातीं धरतां येणार. म्हणून त्यानें वर दगड फेकून पाहिले. त्यांतला एक टिकला! मग तो चढला, आणि खूण म्हणून आपला रुमाल वर ठेवून आला. उतरणें अधिकच बिकट. पायाखालची कड डोळ्यांना दिसत नाहीं. तोंवर तेथील कडे म्हणजे आल्प्ससाठीं तालीमखाना, अशीच समजूत होती. केवळ खडकाच्या ओढीनें चढण्याच्या छंदाचा इंग्लंडांतील आरंभ पुष्कळजण या चढाईपासून धरतात.

१९३६ च्या ईस्टरला, वयाच्या ७६ व्या वर्षीं, हॅस्केट स्मिथ पुन्हां वर गेले. या वेळीं दोर होता, सोबती होते, आणि खालीं बघ्यांची गर्दी. ‘गोष्ट सांगा’ म्हणून खालून कोणी ओरडलें. इंग्रजींत गोष्ट व मजला यांचा उच्चार एकच. म्हाताऱ्यानें वरून उत्तर दिलें कीं, हाच शेवटचा मजला, याच्यावर दुसरा नाहीं.