गाव, शेत आणि सरासरी

समजा, सिन्नर तालुक्यातील १० गावे निवडली आणि प्रत्येक गावी बाजरीचे २० तुकडे कापून तोलले. मापे २०० झाली. पण साक्षीदार २०० झाले काय? नाही. एका गावचा पाऊस एक, माती बव्हंशी एक, पेरणीही आगेमागे. एका गावची शेते बरीचशी एकाच सुरात बोलतात. एकूण फरकापैकी पाचवा हिस्सा जरी गावागावांतला असला, तरी तालुक्याची सरासरी काढताना या २०० मापांचे बळ सुमारे ४२ स्वतंत्र मापांइतकेच उरते.

हा विचार आपल्याकडे रुजविणारांत साताऱ्याकडील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे हे अग्रणी होत. आधी गाव, मग शेत, मग शेतातील तुकडा, अशी यदृच्छ निवड करून पीक मोजण्याची पद्धत त्यांनी १९४० नंतरच्या दशकात घालून दिली.

‘रेषीय मिश्र प्रतिमान’ हे भारदस्त नाव याच विचाराचे आहे. प्रत्येक मापाचे आपण तीन भाग पाडतो : वाण, खत यांसारखा ठरीव भाग, गावाचे अधिक-उणे, आणि त्या शेताचे स्वतःचे अधिक-उणे. पहिला ठरीव, पुढचे दोन यदृच्छ, म्हणून मिश्र. अमेरिकेत चार्ल्स हेंडरसन यांनी लेकींच्या दुधावरून वळूची पारख करताना हेच गणित बांधले.

त्याचा न्याय असा. तालुक्याची सरासरी हेक्टरी ८ क्विंटल, एका गावची ५. मापे २० असतील, तर वरच्याच हिशेबाने त्या गावाचा अंदाज ५.५ येतो, मापे दोनच असतील, तर ७. पुरावा तोकडा, तितका अंदाज तालुक्याकडे झुकतो.

येथेच आपण सावध व्हावे. २०१६ पासूनच्या पीकविम्यात कापणी-प्रयोगांच्या उत्पन्नावर भरपाई ठरत आली आहे. खरोखर बुडालेल्या गावी दोनच तुकडे कापले, तर केवळ सूत्राच्या भरवशावर त्याचे दुःख तालुक्याच्या सरासरीत विरून जाईल. गणित तोकड्या पुराव्याला सांभाळून घेते, पुरावा निर्माण करीत नाही. तो बांधावर जाऊनच गोळा करावा लागतो.