ईसीजी सुधारला, रुग्ण दगावले

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अनेकांच्या ईसीजीत अधूनमधून जादा ठोके दिसतात. असे ठोके वारंवार पडणाऱ्या रुग्णांत अचानक मृत्यूचे प्रमाण जास्त, हे डॉक्टरांना बरीच वर्षे ठाऊक होते. ठोके दाबले की मृत्यू टळेल, हा तर्क मग ओघानेच आला. १९८०च्या दशकात अमेरिकेत फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधे आली. ती सुरू केली की ईसीजीची पट्टी स्वच्छ दिसे. डॉक्टर खूश, रुग्णही निश्चिंत.

या तर्काची परीक्षा ‘कास्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीने घेतली. औषधाने ज्यांचे ठोके खरोखर आटोक्यात आले, त्यांचेच चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. ७५५ जणांना खरे औषध आणि ७४३ जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि त्याच्या डॉक्टरलाही. निम्म्या रुग्णांना चांगल्या औषधापासून वंचित ठेवणे अनैतिक आहे, असे तेव्हा काही डॉक्टर म्हणत होते!

एप्रिल १९८९मध्ये ही दोन्ही औषधे चाचणीतून घाईने थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणारे ६३ जण दगावले होते, नुसती गोळी घेणारे २६.

हा योगायोग असेल का? जैवसांख्यिकीचा पहिला प्रश्न हाच असतो. औषधाचा काहीच परिणाम नसता, तर या ८९ मृत्यूंपैकी प्रत्येक मृत्यू कोणत्या गटात पडतो, हा जवळपास छापा-काट्याचा खेळ ठरला असता. नाणे ८९ वेळा उडवून ६३ किंवा अधिक वेळा छापा पडणे, हे असा खेळ दहा हजार वेळा मांडला तर जेमतेम एकदा घडेल.

मग इतके दिवस कोणाच्या लक्षात कसे आले नाही? एका डॉक्टरकडे असे वीस रुग्ण आहेत, असे धरू. औषध दिले तर दहा महिन्यांत त्यातले एक-दोन जातील. दिले नाही, तर फार तर एखादा. एवढ्यावरून अनुभवी डॉक्टरलाही शंका येणार नाही. आधीच झटका येऊन गेलेला माणूस गेला, तर घरचेही ‘हृदयच कमजोर होते’ म्हणतात. जे जगले, त्यांचे श्रेय औषधाला मिळते. तुलनेला दुसरा गट नसेल, तर हा दोष दिसण्याचा मार्गच नाही.

हृदयाची रचना निरोगी असलेल्या काही रुग्णांत ठोक्यांच्या अनियमिततेसाठी फ्लेकेनाइड आजही वापरतात; त्यामुळे ते घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. ‘कास्ट’मधले तिसरे औषध, मोरिसिझिन, १९८९मध्ये चालू ठेवले होते. १९९१मध्ये तेही थांबवावे लागले.