वांटलें तें उरलें

गृहस्थाश्रमांत पुरुषांच्या हातून जे मोठे अपराध घडतात, त्यांतील बरेचसे दिवाळीपूर्वीच्या साफसफाईंत घडतात, असें आमचें मत झालें आहे. हें मत स्वानुभवावर आधारलेलें असल्यामुळें तें येथें मांडण्याचा आम्हांस अधिकार आहे.

२०१९ सालीं शाळेंतून निवृत्त झाल्यानंतरची ती आमची पहिली दिवाळी. हाताला काम नाहीं आणि अंगांत शिस्त मुरलेली, अशा मनुष्यानें घर आवरावयास घेतलें म्हणजे काय होतें, तें वाचकांस सांगावयास नकोच. माळ्यावरून जुन्या मासिकांचे गठ्ठे खालीं आले, जुन्या परीक्षांचे कागद आले, आणि त्यांबरोबर चौकटींच्या सात वह्या आल्या. त्यांतील एक आम्हीं उघडली. आंत फुल्या, टिंबें, आडव्या रेघा आणि समासांत कांहीं आंकडे. कोणा मंद विद्यार्थ्याचें गणित असावें, अशी आमची खात्री झाली. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेल्या मनुष्यास दुसरें पान उलटण्याची गरज भासली नाहीं. सातही वह्या रद्दीवाल्याच्या तराजूंत गेल्या.

चार महिन्यांनीं नागपुरास दिलेल्या आमच्या पुतणीकडून गोड बातमी आली. घरांत बाळंतविड्याची तयारी सुरू झाली. झबलीं, टोपडीं, कुंची हें सारें शिवावयाचेंच. परंतु आमच्या घरीं जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या दुपट्याच्या कोपऱ्यावर आमच्या मातोश्रींनीं बसविलेला पोपट भरण्याची रीत आहे. सौभाग्यवतींनीं माळ्यावरची पोपटाची वही काढून द्यावयास सांगितलें, आणि आम्हीं काय करून बसलों तें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.

त्या वह्यांत आमच्या मातोश्रींचे, सौभाग्यवतींचे आणि धाकट्या भावजयीचे मिळून पन्नास वर्षांचे नमुने होते. आम्ही धांवत रद्दीच्या दुकानांत गेलों. तेथें अर्थातच कांहीं उरलें नव्हतें. घरीं येऊन अपराध कबूल केला. सौभाग्यवती रागावल्या असत्या तर बरें वाटलें असतें. त्या एवढेंच म्हणाल्या, “त्या कोऱ्या वह्या शाळेंतून तुम्हींच आणून दिल्या होत्यात.”

ज्यांस हें काम ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. क्रॉस स्टिच, म्हणजे आपला फुलीचा टांका, हा डोळ्यांच्या अंदाजानें घालावयाचा नसतो, मोजून घालावयाचा असतो. दुसुतीच्या किंवा मॅटीच्या कापडांत विणीमुळें ज्या चौकटी पडतात, त्यांतील प्रत्येकीवर एक तिरपा टांका आणि त्यावर उलट दिशेचा दुसरा. सर्व फुल्यांचा वरचा टांका एकाच दिशेनें पडावा लागतो. नाहीं तर उजेडांत काम डागाळल्यासारखें दिसतें. सहा पदरी दोऱ्यांतील बहुधा दोनच पदर घ्यावयाचे, सुई बोथट टोकाची घ्यावयाची, गांठ मारावयाची नाहीं, आणि कापडाची दोनदां घडी घालून मध्यबिंदु काढावयाचा व तेथून आरंभ करावयाचा. कागदावर नमुना सत्तर चौकटी रुंद असेल आणि कापडास इंचास चौदा चौकटी असतील, तर तो बरोबर पांच इंच येतो. तोच इंचास अकरा चौकटींच्या कापडावर सुमारें साडेसहा इंच होतो. त्रैराशिकाचें याहून सुंदर उदाहरण आम्हीं मुलांस कधीं दिलें नाहीं, याचें आज वाईट वाटतें.

धागे मोजून भरण्याची कला आपल्याकडे नवी नाहीं. धारवाडकडील कसुती ती हीच. तिचे टांके चार : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यांतील मेंथी म्हणजे मेथी. तो आपल्या फुलीचाच भाऊ. गवंती व मुरगी हे तर सुलट्या व उलट्या बाजूंस सारखेच दिसतात. इरकली लुगड्यांच्या पदरावर गोपुरें, रथ, पालख्या व तुळशीवृंदावनें याच टांक्यांनीं उमटलीं. चौकटींच्या कागदावर रंगीत नमुना छापण्याची रीत मात्र युरोपांतली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बर्लिन शहरांतून हातानें रंगविलेले असे नमुने दूरदूर जात असत. मिशनच्या मुलींच्या शाळांतून हें शिक्षण आपल्या देशांत आलें, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांतून शिवण-भरतकाम आपल्या घरोघर पोंचलें.

परंतु छापील पुस्तकांतून गुलाब मिळे, हंस मिळे, इंग्रजी मुळाक्षरें मिळत. ‘शुभमंगल’ कोठून मिळणार? आमच्या मातोश्रींनीं देवनागरी अक्षरें स्वतः बसविलीं. शिरोरेषेला एक ओळ, तिच्याखालीं अक्षराला सात, वर मात्रा-वेलांटीसाठीं तीन आणि खालीं उकारासाठीं दोन. ‘ग’, ‘म’, ‘न’ हीं सरळ अक्षरें सुखानें बसलीं. ‘श’ची गांठ व ‘ळ’चीं वळणें यांनीं त्रास दिला. ‘क्ष’साठीं किती कागद खोडले गेले त्याची गणती नाहीं, पण रुखवतांत ‘लक्ष्मी’ हवी असल्यामुळें सुटका नव्हती. चौकटींत गोलाई नसते, पायऱ्या असतात; त्या पायऱ्या कोठें लांब आणि कोठें आंखूड ठेवल्या म्हणजे दुरून वळण दिसेल, हें त्यांनीं आपल्या आपण शोधून काढलें होतें.

नमुन्यांचा दुसरा झरा अंगणांत होता. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे चौकटींचा कागदच. ठिपका तेथें फुली, एवढाच फरक. चैत्रांत अंगणांत काढावयाचें चैत्रांगण, त्यांतील गौरीचा झोपाळा, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, हत्ती, कासव, हें सारें आमच्या मातोश्रींनीं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठीं एका रुमालावर आणलें. अंगणांतलें पुसलें जाई, रुमालावरचें राही. आणि हें सर्व ज्या कागदांवर प्रथम उतरलें, ते आम्हीं किलोच्या भावानें विकले.

पुढचें सांगण्याचें धैर्य येतें, तें केवळ त्यानंतर जें घडलें त्यामुळें. नमुने कागदावरून गेले, तरी ते कापडावर कोठें ना कोठें असणारच, असें प्रथम आमच्या धाकट्या भावजयीच्या मनांत आलें. आमच्या घरांतून भरलेली वस्तु गेली नाहीं असा एकही आप्त नव्हता. इतक्यांत २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी आली. टपाल मंदावलें; पण सर्व मंडळी घरीं होती आणि सर्वांस वेळ होता. सर्व भाऊबंदांस व माहेरवाशिणींस निरोप गेला : आमच्या घरची भरलेली जी वस्तु असेल ती ट्रंकेंतून काढा, सपाट ठेवा, शेजारीं मोजपट्टी ठेवा, आणि सुलट्या व उलट्या अशा दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें धाडा.

सांगलीहून आलीं, बडोद्याहून आलीं, न्यू जर्सींतील पुतण्याकडून आलीं. पूजेच्या ताटावरचे रुमाल, उशांचे अभ्रे, बटवे, आसनें, कांचेआडचें ‘सुस्वागतम्’. एका घरीं अभ्र्याचें पायपुसणें झालें होतें. त्याचा एक कोपरा तेवढा शाबूत होता, आणि त्या कोपऱ्यांत नेमका आम्हांस हवा असलेला शंख होता. एका आतेबहिणीनें कळविलें कीं, तिला मिळालेला रुमाल इतका सुंदर होता कीं तो वापरण्याचा धीरच झाला नाहीं. चाळीस वर्षांनीं घडी उलगडली ती कसरीनें खाल्लेली निघाली. तिच्या लिहिण्यांत रडूं स्पष्ट दिसत होतें.

मोजणीचें काम दंड म्हणून आम्हांस मिळालें. नातू संगणकाच्या पडद्यावर छायाचित्र मोठें करी, आम्ही फुल्या मोजीत असूं, आणि सौभाग्यवती शेजारीं बसून कागदावर उतरवून घेत. त्यांची दृष्टि आतां मंद झाली आहे. पण घरांत असलेल्या वस्तूंची उलटी बाजू त्या बोटांनीं चांचपून सांगत, कीं काम कोठें सुरू झालें आणि दोरा कोठें संपला. सुलटी बाजू चित्र सांगते, उलटी बाजू भरणारीचा हात सांगते, हें आम्हांस साठीनंतर कळलें.

एकाच नमुन्याच्या चार-पांच प्रती हातीं येऊं लागल्या, तेव्हां एक मौज झाली. त्या एकमेकींशीं तंतोतंत जुळत ना. आमचें संस्कृताचें शिक्षण तेथें अनपेक्षित उपयोगीं पडलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. त्यांत देशोदेशींच्या पोथ्या एकमेकींशीं ताडून पाहून पाठ ठरविले गेले. आम्हीं तोच मार्ग आमच्या पोपटास लावला. पोपटाच्या पांच प्रती होत्या. त्यांतील चारांत चोंचीच्या टोकाला एक तांबडी फुली अधिक दिसे, त्यामुळें चोंच विनाकारण लांब वाटे. आम्हीं संवयीनें तांबडी पेन्सिल उचलली व ती फुली चूक म्हणून खोडली.

नंतर पांचवी प्रत नीट पाहिली. ती सर्वांत जुनी, आमच्या थोरल्या भगिनीच्या १९७१ सालच्या रुखवतांतली. तींत ती फुली हिरवी होती, आणि तिच्याखालीं एक छोटी कैरी लोंबत होती! ती चोंच नव्हतीच; तो कैरीचा देंठ होता. पुढें दुपट्याच्या कोपऱ्यांत जागा पुरेना म्हणून कोणीतरी कैरी गाळली, देंठ तेवढा राहिला. त्याच्या पुढच्या हातानें देंठाला चोंच समजून तांबडा दोरा घातला. सौभाग्यवती किती तरी दिवसांनीं मोकळेपणीं हंसल्या. “मींही तीस वर्षें चोंचच भरीत आलें,” त्या म्हणाल्या. आम्हीं तांबडी पेन्सिल खालीं ठेवली. नव्या वहींत आतां दोन्ही पोपट आहेत : कैरीसह मूळचा, आणि लांब चोंचीचा, ज्यानें आमच्या घरच्या अकरा बाळांस उबेंत ठेवलें.

सौभाग्यवतींनीं स्मरणानें जुन्या नमुन्यांची यादी केली होती, ती एकशें चाळीसांची भरली. त्यांपैकीं त्र्याण्णव परत मिळाले. सत्तेचाळीस गेले ते गेलेच. हे सत्तेचाळीस कोणते, असें आम्हीं विचारलें, तेव्हां मिळालेलें उत्तर वाचकांस सांगण्यासारखें आहे. ते असे नमुने होते, कीं जे फार चांगले साधले म्हणून पुढें सवडीनें भरूं असें म्हणून वहींतच ठेवले होते; भरून कोणास दिले नव्हते. विद्या दिल्यानें वाढते, असें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों. पण तिचा हिशेब असा आंकड्यांनीं आमच्यापुढें कधीं मांडला गेला नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या मोजणींत खटकली. इतक्या वस्तूंत एकीवरही भरणारीचें नांव नव्हतें. ‘शुभमंगल’ होतें, ‘सुस्वागतम्’ होतें, जांवयाचीं आद्याक्षरें होतीं. भरणारी मात्र कोठेंच नव्हती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत जेन बोस्टॉक नांवाच्या स्त्रीनें १५९८ सालीं भरलेला एक नमुनापट आहे. १५९६ सालीं ॲलिस ली नांवाच्या मुलीचा जन्म झाला, त्याची नोंद त्यावर टांक्यांनीं केलेली आहे, आणि जवळच भरणारीचें नांव व साल आहे. चार शतकें उलटलीं, पण एका तान्ह्या मुलीसाठीं कोणा बाईनें सुई हातीं घेतली होती, हें जग अजून जाणतें. आमच्या मातोश्रींचें नांव त्यांच्या पणतवंडांसही सांगावें लागतें.

म्हणून वाचक-भगिनींस दोन शब्द सुचवितों. आमच्यासारख्या गृहस्थांनींही ते वाचावे. नमुन्याच्या कागदावर चौकटींची लांबी-रुंदी, कापडाचा प्रकार आणि दोऱ्यांचे क्रमांक लिहून ठेवावे. कागदाची एक प्रत भरलेल्या वस्तूबरोबर द्यावी. म्हणजे लेकीसुनांस नुसती भेट नव्हे, बीजही मिळेल. कोपऱ्यांत आपलीं आद्याक्षरें व साल घालण्यास संकोच करूं नये. त्यास चाळीस-पन्नास फुल्या पुरतात. आणि घरांतल्या पुरुषांनीं कोणतीही वही रद्दींत घालण्यापूर्वीं घरांत विचारावें.

असो. पुतणीस मुलगी झाली. दुपट्याचें कापड मऊ व बारीक विणीचें. त्यावर चौकटी मोजतां येत नाहींत, म्हणून वर जाळीचें कापड टांचून भरावें लागतें आणि मग जाळीचे धागे एकेक करून ओढून काढावे लागतात. सौभाग्यवतींची दृष्टि पुरेना, तेव्हां भरण्याचें काम भावजयीनें केलें आणि धागे ओढण्याचें नातवानें. पोपटाच्या चोंचीपुढें कैरी पुन्हां लोंबली. खालीं आमच्या मातोश्रींचीं आद्याक्षरें, त्यांच्याखालीं सौभाग्यवतींचीं व भावजयीचीं, आणि साल २०२०. टाळेबंदीमुळें दुपटें नागपुरास पोंचलें तेव्हां बाळ पांगुळगाड्याच्या वयाला आलें होतें. तें त्यानें पांघरलें नाहीं, चोखलें, असें कळलें.

नव्या वहीच्या सात प्रती सात घरीं गेल्या आहेत. मुखपृष्ठावर तिघींचीं नांवें आहेत. शेवटच्या पानावर, ‘मोजणी’ या शब्दापुढें, आमचें नांव घालण्याची परवानगी फार विनवणी केल्यावर मिळाली.