विश्लेषण : फोटोंना चालते करणारी ‘कांद्याची साल’! स्टॉप मोशनमधील ओनियन स्किनिंग म्हणजे काय?

लोअर परळ स्थानकातून लोकल सुटते तेव्हा ती एकदम वेग घेत नाही. आधी जेमतेम हलते, मग सरकते आणि फलाट संपेपर्यंत वेगात येते. हीच हालचाल पुठ्ठ्याच्या लोकलने टेबलावर दाखवायची असेल, तर प्रत्येक फोटोआधी तिला नेमके किती पुढे न्यायचे? नुसत्या नजरेच्या अंदाजाने काम केले, तर पडद्यावर गाडी अडखळत, उड्या मारत जाते. हे टाळण्यासाठी ‘ओनियन स्किनिंग’ कामी येते आणि ते आता मोबाइलच्या ॲपमध्येही मिळते.

एका सेकंदाला किती फोटो लागतात?

स्टॉप मोशनमध्ये वस्तू थोडी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो काढायचा. हे फोटो सलग दाखवले की वस्तू आपोआप हलल्याचा भास होतो. सिनेमात सेकंदाला साधारण 24 फ्रेम असतात. स्टॉप मोशनमध्ये अनेकदा एकच फोटो दोन फ्रेमसाठी वापरला जातो. म्हणजे सेकंदाला 12 फोटो. 10 सेकंदांच्या दृश्यासाठी 120 फोटो लागतात आणि त्यासाठी सुट्टीचा अख्खा दिवस जाऊ शकतो.

ओनियन स्किनिंग कसे काम करते?

कॅमेऱ्यातून समोरचे दृश्य दिसत असतानाच त्यावर आधी काढलेला फोटो फिकट, अर्धपारदर्शक स्वरूपात दिसतो. पुठ्ठ्याची लोकल पुढे सरकवली की जुनी कड आणि नवी कड यांतले अंतर स्क्रीनवर दिसते. हे अंतर म्हणजेच वेग. गाडी सुटताना आधी 1 मिलिमीटर, मग 2, 4, 7 असे करत 10 मिलिमीटरपर्यंत जायचे आणि पुढे तेच अंतर कायम ठेवायचे. या वेगाने 60 सेंटिमीटरचे टेबल ओलांडायला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ, म्हणजे साठेक फोटो लागतात. गाडी थांबवताना हाच क्रम उलटा.

फिकट प्रतिमा फक्त मदतीसाठी असते, काढलेल्या फोटोत ती उमटत नाही. ॲपमध्ये ती किती गडद दिसावी हे स्लायडरने ठरवता येते. डीएसएलआर वापरणारे व्यावसायिक कॅमेरा यूएसबी केबलने संगणकाला जोडून ‘ड्रॅगनफ्रेम’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हेच करतात.

कांद्याचा संबंध काय?

कांद्याच्या सालीसारखा पातळ, आरपार दिसणारा कागद पूर्वी टाइपरायटरवर कार्बन कॉपी काढण्यासाठी वापरला जाई. हाताने चित्रे काढणारे ॲनिमेटरही खालून प्रकाश असलेल्या टेबलावर असे पारदर्शक कागद एकावर एक ठेवत. खालचे चित्र वर दिसे, त्यामुळे पुढचे चित्र किती बदलायचे ते कळे. तेच नाव संगणकातल्या सोयीला चिकटले.

हे तंत्र नव्हते तेव्हा?

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ फ्रेम-फ्रेमने टिपली होती. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. तिथे रोप स्वतःच वाढत होते, कॅमेरा आणि कुंडी जागची न हलणे एवढे पुरेसे होते. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये मात्र काड्या हाताने हलवायच्या होत्या. आधीची फ्रेम पाहण्याची सोय नव्हती, फिल्म धुतल्याशिवाय काय टिपले गेले ते कळतही नसे.

नंतरच्या काळात परदेशी स्टुडिओंत सुईसारखे टोक असलेला स्टँड वापरला जाई. टोक बाहुलीच्या नाकाला टेकवायचे, बाहुली हलवायची आणि मधली फट मोजायची. लोअर परळला लागून असलेल्या महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओजच्या ॲनिमेशन विभागातून अमरॉन बॅटरीच्या क्ले ॲनिमेशन जाहिराती आल्या. स्टॉप मोशन मुंबईत अनेकांना त्यांतूनच ओळखीचे झाले.

सर्वांत मोठा फायदा कोणता?

समजा, 120 पैकी 80 फोटो झाले आणि कुणाचा तरी धक्का ट्रायपॉडला लागला. ओनियन स्किनिंग नसेल तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात. असेल, तर शेवटच्या फोटोची फिकट प्रतिमा समोर ठेवून कॅमेरा आणि वस्तू पुन्हा जुळवता येतात. आधी मागची भिंत आणि टेबलाची कड जुळवावी, मग पात्र. उलट केले तर पात्र जागेवर बसते, पण पार्श्वभूमी उडी मारते.

ते काय करू शकत नाही?

• प्रकाश : खिडकीतल्या उन्हाचा बदल ते थांबवत नाही. पडदा लावून दिव्याच्या उजेडात काम करावे. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करावेत, नाहीतर दृश्य लुकलुकते.

• हादरे : इमारत रुळांलगत असेल किंवा शेजारी बांधकाम सुरू असेल, तर हादरा ओसरल्यावरच फोटो काढावा. ट्रायपॉडचे पाय टेपने चिकटवावेत. बटण दाबताना मोबाइल हलतो, म्हणून टायमर किंवा ब्लूटूथ रिमोट वापरावा.

• वारा : कागदाची पात्रे असतील तर पंखा बंद.

• माती : लालबाग-परळच्या गणेशमूर्तींची शाडू माती वाळली की तडकते. रोज आकार बदलायचा असेल, तर न वाळणारी तेलयुक्त माती घ्यावी.

• फोन : एअरप्लेन मोडवर ठेवावा. कॉल आला की थरथरीने चौकट हलते.

सुरुवात कशी करावी?

एक रुपयाचे नाणे घ्या. 24 फोटोंत ते टेबलावरून सरकवा, म्हणजे दोन सेकंदांचे दृश्य होईल. एकदा ओनियन स्किनिंग बंद ठेवून आणि एकदा सुरू करून हाच प्रयोग करा. दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ पाहिले की फरक लगेच दिसेल.